साइटवरची कामगिरी कशी मोजावी: कामाची पद्धत बदलली तरी न फसवणारे आकडे

बांधकामाच्या साइटवर आकड्यांचा तुटवडा कधीच नसतो. मस्टर असतं, रोजचा अहवाल असतो, बिलं असतात, चाचण्यांचे निकाल असतात. तरीही काम निम्म्यापुढे सरकेपर्यंत अहवालात सगळं आलबेल दिसतं, आणि शेवटच्या काही महिन्यांत उशीर, वाढीव खर्च आणि फेरकाम एकदमच बाहेर पडतं. बहुतेक वेळा यात कुणी खोटं लिहिलेलं नसतं. मोजण्याचा क्रम चुकलेला असतो. आधी कुठून तरी निर्देशकांची यादी उचलली जाते, मग तिच्यात बसतील तसे आकडे भरले जातात, आणि हा आकडा बघून नक्की करायचं काय हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

त्यात आता कामाच्या पद्धतीही झपाट्याने बदलत आहेत. प्रीकास्ट (कारखान्यात आधीच ओतलेल्या) भिंती, अॅल्युमिनियम शटरिंग (कॉंक्रीट ओतण्याचे साचे), कारखान्यातून तयार होऊन येणारी बाथरूम, इमारतीच्या संगणकीय मॉडेलवरून काढलेली परिमाणं, ड्रोनचे फोटो. जुनी मोजपट्टी या कामाला लावली तरी आकडा येतोच, पण तो भलत्याच गोष्टीचा असतो. म्हणून इथे सगळ्यात जास्त भर मोजण्याची हद्द ठरवण्यावर दिला आहे. सूत्रं सोपी आहेत, घोळ होतो तो हद्दीत.

उदाहरणांतले आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेले आहेत. ते दर म्हणून वापरू नका.

## पूर्वतयारी: आकड्याआधी निर्णय लिहा

एक कोरा कागद घ्या आणि पुढच्या तीन महिन्यांत साइटवर कोणते निर्णय घ्यावे लागणार आहेत ते लिहा. शटरिंगची दुसरी टोळी आणायची का? क्रेन रात्रपाळीत चालवायची का? प्लास्टरचा उपकंत्राटदार बदलायचा का? ताब्याची तारीख पुढे ढकलण्याची सूचना आत्ताच द्यायची का? प्रत्येक निर्णयासमोर दोन गोष्टी लिहा: तो कोण घेणार, आणि त्याला त्यासाठी काय माहीत असायला हवं.

या दुसऱ्या गोष्टीतून जे निघेल तेवढंच मोजायचं. एका मध्यम प्रकल्पाला पाच ते सात निर्देशक पुरतात असं माझं ठाम मत आहे. त्याहून जास्त झाले की ते भरणारा माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस मागच्या आठवड्याचा आकडा थोडा फिरवून पुन्हा लिहितो. हे शोधून काढणं फार अवघड असतं.

तपासणी: प्रत्येक निर्देशकापुढे "हा घसरला तर सोमवारी सकाळी कोण काय करेल?" या प्रश्नाचं एका ओळीत उत्तर लिहा. उत्तर सुचत नसेल तर तो निर्देशक काढून टाका.

## टप्पा १: 'काम झालं' म्हणजे काय ते ठरवा

साइटवर सर्वात जास्त वाद याच शब्दांवरून होतात. स्लॅब "झाला" म्हणजे कॉंक्रीट ओतून झालं? की शटरिंग निघालं? की हनीकोम्ब (कॉंक्रीटमधल्या पोकळ्या) भरून, पातळी तपासून, पुढच्या टोळीला जागा मोकळी करून दिली? उपकंत्राटदार पहिला अर्थ धरतो, प्लॅनिंगवाला दुसरा, आणि ब्लॉकवर्कची टोळी तिसऱ्याची वाट बघत उभी असते.

मोठ्या कामांना टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचा वाटा आधीच ठरवून टाका. स्लॅबसाठी उदाहरण असं:

- शटरिंग लावून पातळी तपासली: ३५ टक्के
- सळई बांधून तपासणी मंजूर: ३० टक्के
- कॉंक्रीट ओतलं: २५ टक्के
- शटरिंग काढलं, दुरुस्ती संपली, जागा मोकळी: १० टक्के

वाटे ठरवताना त्या टप्प्याला लागणारे मनुष्यतास धरा, किंमत नको. आणि शेवटचा १० टक्के कधीही वगळू नका. तोच टप्पा मागे राहतो, आणि मग मजल्यामागून मजले "झाले" असं दिसतं, पण खालच्या मजल्यावर टेकू उभेच असतात आणि फिनिशिंग सुरू होत नाही.

टप्पा अर्धवट असेल तर शून्य धरा. "सळई जवळजवळ झाली, २० टक्के लिहा" हे एकदा चालवून घेतलं की सगळी कामं ९० टक्क्यांवर येऊन आठवडेच्या आठवडे तिथेच अडकतात. टप्पे पुरेसे छोटे असतील तर शून्य धरल्याने कुणावर अन्याय होत नाही.

इशारा: बिलातली प्रगती म्हणजे जागेवरची प्रगती नव्हे. कंत्राटदार पुष्कळदा सुरुवातीच्या कामांचे दर चढे आणि शेवटच्या कामांचे उतरते ठेवतो, म्हणजे पैसा लवकर हातात येतो. अशा दरांनी प्रगती मोजली तर निम्म्याहून कमी काम होऊनही प्रकल्प निम्म्यापुढे गेलेला दिसतो. साइटवर उतरवलेल्या मालाचंही तसंच. लिफ्ट किंवा दर्शनी काचा गोदामात येऊन पडल्या की किमतीच्या हिशेबात मोठी उडी दिसते, पण भिंतीवर एक काचही लागलेली नसते. बिलासाठी एक हिशेब ठेवा, प्रगतीसाठी वेगळा.

## टप्पा २: तासांची हद्द आखा

उत्पादकता म्हणजे एका परिमाणाला किती मनुष्यतास लागले. परिमाण कसंबसं मोजलं जातं, तास मात्र बहुधा चुकीचे धरले जातात. पुढचे प्रश्न एकदाच, लेखी सोडवा:

माल उचलून मजल्यावर पोहोचवणाऱ्या मदतनिसांचे तास कशात जातात? क्रेनची वाट बघत बसलेली टोळी कामात धरायची की वेगळ्या खात्यात? सुपरवायझर धरायचा का? पावसाने बंद पडलेला अर्धा दिवस कुठे टाकायचा? ओव्हरटाइमचा एक तास एकच तास आहे की पगाराप्रमाणे दोन?

माझा आग्रह असा: वाट बघण्याचे तास त्याच कामाच्या तासांत धरा, पण सोबत एक खूण ठेवा, म्हणजे नंतर वेगळे काढता येतील. ते आधीच वेगळे काढले की कामाचा दर छान दिसतो आणि वाट बघण्याचं दुखणं अहवालातून गायब होतं. ओव्हरटाइमचा तास तास म्हणूनच मोजा. पैशाचा हिशेब खर्चाच्या रकान्यात होईल.

फेरकामाला मात्र पहिल्या दिवसापासून स्वतंत्र कोड हवा. तुटलेलं प्लास्टर पुन्हा करण्याचे तास मूळ प्लास्टरच्या खात्यात गेले तर दोन्हीकडून फसवणूक होते: प्लास्टरची टोळी संथ दिसते, आणि दर्जा चांगला दिसतो. खरं तर टोळीचा वेग ठीक असतो. नळवाला प्लास्टरनंतर भिंत फोडून गेलेला असतो.

तपासणी: दोन वेगवेगळ्या सुपरवायझरना एकाच दिवसाचे तास स्वतंत्रपणे कोडप्रमाणे वाटायला सांगा. दोघांच्या कागदात मोठा फरक आला तर कोडची व्याख्या अजून पक्की झालेली नाही. अशा वेळी व्याख्या सुधारा, सुपरवायझरना दोष देऊ नका.

## टप्पा ३: पाया आकडा गोठवा, आणि दोन प्रती ठेवा

तुलना कशाशी करायची तो पाया आकडा. तो तीन ठिकाणांहून येतो: निविदेतला अंदाज, आधीच्या प्रकल्पाचा अनुभव, किंवा याच प्रकल्पातला सुरळीत चाललेला काळ. तिन्हींत शेवटचा सर्वात भरवशाचा, कारण नकाशे, माणसं आणि जागा तीच असते.

पण हा सुरळीत काळ पहिल्या आठवड्यांत शोधू नका. पहिल्या दोन-तीन मजल्यांना टोळी नकाशा शिकत असते, शटरिंगचे भाग जुळवत असते, दर हमखास जास्त येतो. तो पाया धरला तर पुढे सगळंच सुधारल्यासारखं दिसतं. दर स्थिर झाल्यावरचे, मोठा अडथळा नसलेले सलग काही आठवडे निवडा. नंतर मालकाच्या बदलांमुळे काम रखडलं तर हाच सुरळीत काळ दाव्यासाठीही उपयोगी पडतो. अडथळ्याचा काळ आणि बिनअडथळ्याचा काळ एकाच प्रकल्पात समोरासमोर ठेवता येतात.

वेळापत्रकाच्या पायाची मूळ प्रत कधीच बदलायची नाही. मंजूर बदलांनुसार सुधारलेली दुसरी प्रत वेगळी ठेवायची. अहवालात दोन्हींशी तुलना दाखवा. फक्त सुधारलेली प्रत ठेवली तर दर वेळी थोडं थोडं मागे सरकत प्रकल्प नेहमी "वेळेवर" राहतो.

## टप्पा ४: नोंदणी कोण आणि कधी करणार

परिमाण मोजणारा माणूस आणि ज्याचं बिल त्या परिमाणावर निघतं तो माणूस, हे एकच नकोत. हा साधा नियम सर्वात जास्त मोडला जातो, कारण साइटवर माणसं कमी असतात. निदान आठवड्यातून एकदा नमुन्यादाखल तिसऱ्या कुणीतरी दोन-तीन ठिकाणी मोजून बघावं.

तास रोज नोंदवा, परिमाण आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी. तास शनिवार संध्याकाळपर्यंतचे आणि परिमाण सोमवार दुपारचं, असं झालं की दर आठवड्याला आकडा वरखाली उसळतो. लोक त्या उसळीची कारणं शोधत बसतात, आणि कारण फक्त तारखेत असतं.

ड्रोन आणि लेझर स्कॅनचा उपयोग करा, पण त्यांना दिसतं तेवढंच. भिंतीतले कंड्युट (तारांच्या नळ्या), वॉटरप्रूफिंगचा थर, मंजुरीचा कागद फोटोत येत नाहीत. मॉडेलमधून काढलेलं परिमाणही निव्वळ असतं. सळईचा ओव्हरलॅप, वाया गेलेला माल, कापलेले तुकडे त्यात सहसा नसतात. एका महिन्यात वहीतलं परिमाण आणि पुढच्या महिन्यात मॉडेलमधलं, अशी सरमिसळ झाली की दर आपोआप बदलतो, जागेवर काहीच बदललेलं नसताना.

इशारा: २८ दिवसांच्या क्यूब टेस्टचा (कॉंक्रीटच्या ठोकळ्याच्या ताकदीच्या चाचणीचा) निकाल या महिन्याच्या कॉंक्रीटबद्दल बोलत नाही, मागच्या महिन्याच्या कॉंक्रीटबद्दल बोलतो. दर्जाचे आकडे काम झालेल्या तारखेला लावा, निकाल आलेल्या तारखेला नको. नाहीतर चांगल्या महिन्याला वाईट निकाल चिकटतो.

## टप्पा ५: उत्पादकतेचा हिशेब

घनमीटर, चौरस मीटर आणि किलो एकत्र मिळवता येत नाहीत. म्हणून प्रत्येक कामाचं झालेलं परिमाण त्याच्या पाया दराने गुणा. मिळतात 'कमावलेले तास'. एका आठवड्याचं उदाहरण घेऊ:

- शटरिंग: ४०० चौरस मीटर, पाया दर १.२ तास, कमावले ४८० तास, प्रत्यक्ष लागले ५६०
- सळई: ६,००० किलो, पाया दर ०.०३ तास, कमावले १८० तास, प्रत्यक्ष लागले १७०
- कॉंक्रीट: ६० घनमीटर, पाया दर १.५ तास, कमावले ९० तास, प्रत्यक्ष लागले ९५

एकूण कमावले ७५०, लागले ८२५. गुणोत्तर ०.९१. एकच्या खाली म्हणजे अंदाजापेक्षा जास्त तास खर्च झाले.

आता इथेच थांबलात तर "या आठवड्यात उत्पादकता ९१ टक्के" असं वाक्य अहवालात जाईल आणि विषय संपेल. सुटी गुणोत्तरं बघा: शटरिंग ०.८६, सळई १.०६, कॉंक्रीट ०.९५. दुखणं शटरिंगमध्ये आहे. सळईची टोळी पुढे गेली आहे, कदाचित तिला पुढच्या आठवड्यात शटरिंगची वाट बघावी लागेल आणि तिचाही आकडा पडेल, तिची काही चूक नसताना. म्हणजे आत्ता टोळी वाढवायची असेल तर ती शटरिंगची.

पण त्याआधी शटरिंगजवळ जाऊन उभं राहा. दिवसभरात अनियमित वेळी, आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्षणी, फेरी मारा. समोर दिसणाऱ्या प्रत्येक माणसाला तीनपैकी एका रकान्यात टाका: प्रत्यक्ष काम, साहाय्यक काम, थांबलेला. माल वाहणं, मोजणं, नकाशा बघणं हे साहाय्यक. सुमारे ३८४ निरीक्षणं झाली की ९५ टक्के विश्वासपातळीला पाच टक्क्यांच्या आतबाहेर अंदाज मिळतो. वीस जणांची टोळी असेल तर वीस फेऱ्यांत काम होतं, फक्त त्या दोन-चार दिवसांवर विखुरलेल्या हव्यात. टोळीला आधी नीट सांगा की हे हजेरी तपासणं नाही. न सांगता केलं तर तुम्ही जिना चढताना दिसताच सगळे हातात हातोडा घेतात, आणि सगळी मेहनत वाया जाते.

अशा पाहणीत बहुधा टोळी आळशी निघत नाही. प्लायवूड खालच्या मजल्यावर अडकलेलं असतं, क्रेन दुसऱ्या टॉवरला गेलेली असते, किंवा पातळी तपासणारा सर्व्हेअर दुपारी येतो. त्यावर टोळी वाढवून उपयोग नसतो, वाट बघणारी माणसंच वाढतात.

## टप्पा ६: वेळ आणि खर्चाचा हिशेब

इथे अर्न्ड व्हॅल्यूची पद्धत, म्हणजे झालेल्या कामाला अंदाजपत्रकातली किंमत लावून ती नियोजनाशी आणि खर्चाशी ताडण्याची, वापरा, पण तिच्या एका खोडीपासून जपून. समजा प्रकल्पाचं एकूण अंदाजपत्रक १,००० एकक. पाचव्या महिन्याअखेर नियोजित काम ४५०, प्रत्यक्ष झालेल्या कामाची अंदाजपत्रकी किंमत ४०५, आणि झालेला खर्च ४८०.

खर्च निर्देशांक ४०५ भागिले ४८०, म्हणजे ०.८४. याच गतीने गेलं तर शेवटचा खर्च १,००० भागिले ०.८४३७५, म्हणजे सुमारे १,१८५ एकक.

वेळ निर्देशांक ४०५ भागिले ४५०, म्हणजे ०.९०. खोडी इथे आहे. प्रकल्प कितीही उशिरा संपला तरी शेवटी सगळं काम पूर्ण होतं, त्यामुळे हा निर्देशांक शेवटी १ वरच येऊन थांबतो. शेवटच्या तिसऱ्या भागात तो सुधारत गेलेला दिसतो आणि उशीर भरून निघाल्याचा भास होतो. या पद्धतीचे अभ्यासक वॉल्ट लिप्के यांनी २००३ मध्ये यावर सोपा उपाय सुचवला: झालेलं काम नियोजनात कुठल्या दिवशी पूर्ण व्हायचं होतं ते शोधा. चौथ्या महिन्याअखेर नियोजित ३३०, पाचव्याअखेर ४५०. आपलं काम ४०५. फरक ७५, महिन्याची वाढ १२०, म्हणजे ०.६२५. आपण ४.६२५ महिन्यांच्या कामावर आहोत, पाच महिने उलटून. साधारण अकरा दिवस मागे. "निर्देशांक ०.९०" या वाक्यापेक्षा "अकरा दिवस मागे" हे वाक्य बैठकीत सगळ्यांना कळतं.

तपासणी: हा आकडा मुख्य मार्गावरच्या (ज्यांच्या उशिराने शेवटची तारीखच पुढे जाते अशा) कामांसाठी वेगळा काढा. बाकीची कामं खूप पुढे गेली असतील तर एकूण आकडा चांगला दिसतो आणि ताब्याची तारीख मात्र हलत राहते.

## टप्पा ७: शब्द पाळला जातो का

वरचे आकडे झालेल्या गोष्टी सांगतात. पुढचा आठवडा कसा जाईल याचा सुगावा देणारा आकडा म्हणजे दिलेल्या शब्दांपैकी किती पाळले. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेगरी हॉवेल यांच्या लास्ट प्लॅनर या बांधकाम-नियोजनाच्या पद्धतीतली ही मोजणी आहे. आठवड्याच्या सुरुवातीला प्रत्येक टोळीप्रमुख स्वतः सांगतो की अमुक काम अमुक दिवशी पूर्ण करतो. आठवड्याअखेर पूर्ण झालेली कामं भागिले कबूल केलेली कामं. वीस कबूल, तेरा पूर्ण, म्हणजे ६५ टक्के. नव्वद टक्के झालेलं काम अपूर्णच.

टक्क्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे ती न झालेल्या सात कामांच्या कारणांची यादी. कारणं ठरावीक सात-आठ रकान्यांत टाका: आधीचं काम अपूर्ण, माल नाही, नकाशा किंवा उत्तर मिळालं नाही, माणसं कमी, यंत्र बंद, हवामान, जागा मिळाली नाही, अंदाज चुकला. माणसाचं नाव कधीही लिहू नका. नाव लिहायला लागलात की दुसऱ्या आठवड्यापासून सगळ्यांचं कारण "हवामान" होतं.

हा आकडा सलग कित्येक आठवडे शंभर टक्के येत असेल तर आनंद मानू नका. लोक सोपी, खात्रीची कामंच कबूल करत आहेत. सोबत आणखी एक मोजा: वेळापत्रकाप्रमाणे या आठवड्यात व्हायला हवी होती अशा कामांपैकी किती कामं कबूल करता आली. पहिला आकडा उंच आणि दुसरा खाली असेल तर अडचण साइटवर नसून नकाशे, मंजुऱ्या आणि खरेदीत आहे.

## टप्पा ८: सुरक्षितता आणि दर्जा

अपघातांचा दर दोन प्रकारे काढतात. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या पद्धतीत २ लाख तासांना, म्हणजे शंभर माणसांच्या वर्षभराच्या कामाला. दुसऱ्या प्रचलित पद्धतीत १० लाख तासांना. १ लाख ६० हजार तासांत दोन घटना असतील तर पहिल्या पद्धतीने २.५, दुसरीने १२.५. दोन उपकंत्राटदारांची तुलना करण्याआधी दोघांनी एकच पद्धत आणि 'घटना' शब्दाची एकच व्याख्या वापरली आहे ना ते बघा. उपकंत्राटदारांच्या कामगारांचे तास आणि त्यांच्या दुखापती, दोन्ही धरल्या आहेत ना, हेही. बऱ्याचदा तास धरलेले असतात आणि दुखापती नसतात.

लहान साइटवर हा दर एका घटनेने आकाशाला भिडतो किंवा शून्यावर येतो, त्यावरून काहीच कळत नाही. तिथे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी आणि त्या निकाली निघायला लागलेले दिवस मोजा. अशा नोंदी अचानक कमी झाल्या तर काळजी करा, कारण लोकांनी सांगणं बंद केलेलं असतं. "शून्य अपघात" म्हणून बक्षीस लावू नका. बोट चेमटलेला माणूस बक्षिसासाठी पट्टी बांधून गप्प बसतो, आणि तीच फळी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाला पाडते. या बाबतीत मला कुठलीच तडजोड मान्य नाही.

दर्जासाठी दोनच आकडे पुरतात: पहिल्या तपासणीत मंजूर झालेल्या कामांचं प्रमाण, आणि एकूण तासांत फेरकामाच्या तासांचा वाटा. ताब्याच्या वेळच्या स्नॅगची (राहिलेल्या त्रुटींची) मोजणी ठेवा, पण तोवर फार उशीर झालेला असतो.

## टप्पा ९: पद्धत बदलली की हद्द पुन्हा आखा

समजा जागेवर ओतलेल्या भिंतीला चौरस मीटरमागे ३.२ तास लागत होते. प्रीकास्ट आलं आणि साइटवर फक्त ०.९ तास लागायला लागले. अहवालात लिहिलं जातं: श्रमात ७२ टक्के बचत. पण कारखान्यात १.४ तास लागले, वाहतूक आणि हाताळणीत ०.३. एकूण २.६. खरी बचत १९ टक्के. उरलेले तास कुंपणाबाहेर गेले, इतकंच. १९ टक्के ही चांगलीच बचत आहे, पण ७२ टक्क्यांवर विसंबून पुढच्या प्रकल्पाची निविदा भरली तर तोटा ठरलेला.

पद्धत बदलली की याच क्रमाने जा:

१. नव्या पद्धतीचा प्रवास कारखान्यापासून जोड भरून मंजुरी मिळेपर्यंत लिहून काढा. जुन्या पद्धतीची जी जी कामं यात विरघळली, किंवा नव्याने वाढली, ती शेजारी मांडा. सांधे भरणं, बेअरिंग पॅड, तात्पुरते टेकू, रस्त्यात तडकलेले पॅनेल, हे सगळं वाढीत येतं.

२. आता काम कशामुळे अडतं ते शोधा. ओतीव कामात माणसं अडवतात, प्रीकास्टमध्ये क्रेन. म्हणून मनुष्यतासांबरोबर क्रेनच्या एका तासाला किती पॅनेल बसले ते मोजा. क्रेन दुसऱ्या कामात गुंतलेली असेल तर तो वेळही नोंदवा.

३. नकाशे गोठवण्याची तारीख आता कितीतरी आधी येते. साच्यात कॉंक्रीट गेल्यावर खिडकी हलवता येत नाही. प्रश्नांची उत्तरं यायला किती दिवस लागतात आणि गोठवल्यानंतर किती बदल आले, हे जुन्या पद्धतीत दुय्यम होतं. इथे ते पहिल्या पाचांत आणा.

४. जुना आणि नवा हिशेब निदान दोन पूर्ण चक्रं शेजारी शेजारी चालवा. दोन्हींचा संबंध स्पष्ट झाल्याशिवाय जुना आलेख नव्याला जोडू नका. आलेखावर जिथे पद्धत बदलली तिथे उभी रेघ मारून तारीख लिहा.

इशारा: वेतनाऐवजी तुकड्याच्या दराने काम द्यायला लागलात तर तास मस्टरवर येणंच बंद होतं, आणि उत्पादकता एका रात्रीत सुधारल्यासारखी दिसते. करारातच तासांची नोंद देणं बंधनकारक करा.

## टप्पा १०: बैठक आणि निर्णयाची वही

आकडे आठवड्याच्या बैठकीत एका पानावर आणा. दर निर्देशकाला मागच्या आठ आठवड्यांची रेघ, फक्त या आठवड्याचा आकडा नको. एका आठवड्याची घसरण नेहमीच्या चढउतारात बसत असेल तर तिच्यावर चर्चा नको. सलग तीन-चार आठवडे एकाच दिशेने सरकलं तर नक्की.

प्रत्येक घसरणीला निर्णयाच्या वहीत एक ओळ: काय दिसलं, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, आणि कोणता आकडा बदलला की उपाय लागू पडला म्हणायचं. शेवटचा रकाना रिकामा ठेवायला कुणालाच परवानगी देऊ नका.

दोन महिन्यांनी ही वही उलटून बघा. ज्या निर्देशकावरून एकही निर्णय झाला नाही तो बंद करा, आणि त्याच्या नोंदीत जाणारा सुपरवायझरचा वेळ परत द्या. सुरक्षिततेचे आकडे याला अपवाद.

प्रकल्प संपताना प्रत्येक मुख्य कामाचं एक पान तयार करून ठेवा: अंतिम परिमाण, एकूण तास, त्यातले फेरकामाचे आणि वाट बघण्याचे तास, स्थिर झाल्यानंतरचा दर, मजल्याची उंची, सारख्या मजल्यांची संख्या, शटरिंगचा प्रकार, क्रेनची संख्या, आणि तासांची हद्द कुठून कुठपर्यंत होती ते एका वाक्यात. हे पान ताबा देण्याआधीच भरा, कारण नंतर टोळ्या पांगतात आणि सुपरवायझरच्या वह्या सापडत नाहीत.